काकडीच्या पाण्याचा हिशेब : प्रस्तावना

मराठी पानात कोशिंबिरीची जागा डाव्या बाजूस, मीठ, लिंबू, चटणी आणि लोणचे यांच्या शेजारी; आणि डावीकडचे पदार्थ हे उजवीकडच्या भाजी-आमटीच्या दिमतीस दिलेले असतात असा जो एक समज आपल्या स्वयंपाकघरात पिढ्यान्‌पिढ्या रूढ होऊन बसला आहे, त्यामुळे कोशिंबीर हा स्वतंत्र विचारास पात्र असा विषय आहे असे म्हणणाऱ्यास प्रथम आपल्या म्हणण्याचा खुलासा करणे भाग पडते. पाकशास्त्रावरील मराठी पुस्तकांची परंपरा काही कालपरवाची नव्हे. रामचंद्र सखाराम गुप्ते यांचे ‘सूपशास्त्र’ 1875 साली प्रसिद्ध झाले, आणि कमलाबाई ओगले यांची ‘रुचिरा’ 1970 साली निघून घरोघर पोचली. तथापि काकडीस मीठ केव्हा लावावे, तिचे पाणी ठेवावे की टाकावे, ती चिरावी, किसावी की चोचवावी, या प्रश्नांचा खरा ऊहापोह ग्रंथांपेक्षा सासू-सुनांच्या संभाषणांतच अधिक झाला असावा, आणि त्या संभाषणांचे दफ्तर कोणी ठेवलेले नाही.

पुढील पृष्ठांचा विषय पूर्वेकडील देशांतील काकडीची कोशिंबीर हा आहे, आणि तीतही मुख्यत्वे चीनमध्ये घरोघरी व खानावळीखानावळींतून होणारी ‘पाय ह्वांग-ग्वा’, म्हणजे ठेचलेली काकडी. चिनी मेजवानीत गार पदार्थ आरंभी येतात. यजमान आणि पाहुणे यांची विचारपूस चालू असता, गरम पदार्थांची पहिली खेप मुदपाकखान्यातून यावयाची असता, ही काकडी मेजावर अगोदरच येऊन बसलेली असते, आणि तीवरून पुढच्या भोजनाचा अंदाज बांधणारे खवय्येही असतात. तिच्यात ना दुर्मिळ जिन्नस, ना कठीण क्रिया, ना विस्तवाची फारशी गरज. असे असूनही दहा घरांत ती दहा प्रकारची होते, व त्यांतील बऱ्याच ठिकाणी ती पाणचट होते. या पाणचटपणाचे कारण शोधू गेल्यास संपूर्ण पदार्थाचे मर्म हाती लागते, असे आमचे मत आहे, आणि ही प्रस्तावना त्या एका मताच्या समर्थनार्थच लिहिली आहे.

काकडीच्या 100 भागांत 95 ते 96 भाग पाणी असते. उरलेल्या चार-पाच भागांत तिची साल, तिचा तंतू, तिची किंचित गोडी आणि तिचा सुवास हे सारे सामावलेले. तेव्हा काकडीची कोशिंबीर करणे म्हणजे वस्तुतः पाण्याची व्यवस्था लावणे होय : किती पाणी आत राहू द्यावयाचे, किती बाहेर काढावयाचे, आणि जे बाहेर येईल त्याचे पुढे काय करावयाचे. मसाला, आंबट, तिखट ही सर्व नंतरची बाब. ही व्यवस्था ज्याने नीट लावली त्याची कोशिंबीर साध्या मिठावरही खाववते. आणि ज्याने ती लावली नाही त्याने परदेशी बाटल्यांची रांग मांडली तरी वाडग्याच्या तळाशी फिकट तपकिरी पाण्याचे तळे साचून वरच्या फोडी बेचव राहतातच.

परंतु कृतीकडे वळण्यापूर्वी या फळाच्या प्रवासाचे दोन शब्द सांगणे अवश्य आहे, कारण ज्या कोशिंबिरीस आपण परदेशी म्हणून हौसेने करावयास घेतो तिचा मुख्य घटक मूळचा आपल्याच देशातला आहे. काकडीचे माहेर भारत. हिमालयाच्या पायथ्याच्या प्रदेशात तिची रानटी भावंडे, लहान आणि जहरासारखी कडू, आजही उगवतात. वेलीवर पिकून देठापासून आपसूक सुटणारे काकडीवर्गातील फळ ऋग्वेदातील मृत्युंजय मंत्रात दृष्टान्तासाठी आले आहे, आणि आयुर्वेदाने ‘त्रपुस’ या नावाने काकडीची गणना शीत व मूत्रल द्रव्यांत केली आहे. येथून ती चीनमध्ये कशी गेली याविषयी चिनी परंपरेत एक रोचक कथा प्रचलित आहे. हान घराण्याच्या वू सम्राटाने इसवी सनापूर्वी 138 मध्ये झांग छियान नावाचा वकील पश्चिमेकडील मुलखात रवाना केला. वाटेत शिओंगनू टोळ्यांनी त्यास पकडले, सुमारे दहा वर्षे अटकेत ठेवले. तो निसटला, बाल्खच्या प्रदेशापर्यंत पोचला आणि अखेर स्वदेशी परतला. त्याने येताना द्राक्षे, अक्रोड, तीळ, लसूण आणि काकडी यांची बीजे आणली, अशी समजूत पुढील शतकांत पसरत गेली, आणि सोळाव्या शतकात ‘बेनत्साओ गांगमू’ हा वनस्पतींचा प्रचंड कोश रचणाऱ्या ली शिझेन यानेही काकडीचे श्रेय त्यालाच दिले. बर्थोल्ड लाउफर या पंडिताने मात्र 1919 साली प्रसिद्ध केलेल्या ‘सायनो-इरानिका’ या ग्रंथात या कथेची रुजुवात घेऊन तिला समकालीन लेखी आधार नाही असा निकाल दिला. जुन्या इतिहासग्रंथांत पश्चिमेकडून आलेल्या म्हणून द्राक्षे आणि विलायती घास यांचाच उल्लेख सापडतो. एक गोष्ट मात्र त्या वकिलाने स्वतःच्या अहवालात नमूद केलेली आहे, आणि आमच्या मते ती काकडीच्या दंतकथेहून अधिक मनोरंजक आहे : बाल्खच्या बाजारात त्याला चीनच्या नैर्ऋत्य प्रांतांतील बांबूच्या काठ्या आणि कापड विकावयास ठेवलेले दिसले, आणि हा माल कोठून आला असे विचारता व्यापाऱ्यांनी हिंदुस्थानातून आणला असे सांगितले. म्हणजे सरकारी वकिलाच्या आधीच दोन देशांमध्ये मालाची ये-जा चालू होती. आणि जेथून काठ्या जातात तेथून काकडीचे बीही जाऊ शकते.

काही असो, सहाव्या शतकापर्यंत काकडी चिनी शेतात चांगली स्थिरावली होती. ‘ज्या सश्ये’ नावाच्या अधिकाऱ्याने त्या शतकात लिहिलेल्या ‘छिमिन याओशु’ या कृषिग्रंथात काकडी पिवळी झाल्यावर तोडावी असे सांगितले आहे, त्यावरून त्या काळी ती आजच्यासारखी कोवळी-हिरवी नव्हे तर आपल्या कोकणातल्या तवशाप्रमाणे पिकवून खात असावेत असे दिसते. पुढे रुची बदलली. अठराव्या शतकातील कवी आणि खवय्या युआन मेइ याने 1792 साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या पाकग्रंथात कोवळ्या सडपातळ काकड्या निवडून, मीठ लावून, सोयाच्या दाट मसाल्यात मुरवण्याची कृती दिली आहे, आणि तिचे वर्णन करताना तो कुरकुरीतपणावर भर देतो. मसाल्यापेक्षा कुरकुरीतपणा आधी, ही दृष्टी आजच्या चिनी गृहिणीचीही आहे.

आता ठेचण्याविषयी. सुरीने नीट एकसारख्या चकत्या पाडण्याची सवय झालेल्या हातास काकडी ठेचावयाची हे ऐकून संकोच वाटतो. ठेचणे हे मिरचीच्या नाहीतर शेंगदाण्याच्या नशिबी आहे, काकडीच्या नव्हे, असे आपण धरून चालतो. चिनी स्वयंपाकी रुंद पात्याचा सुरा आडवा धरून त्याच्या सपाट अंगाने काकडीवर एकच जोरकस आघात करतो. साल तडकते, आतला गर वेड्यावाकड्या भेगांनी फुटतो, आणि मग तो तिचे तिरके, ओबडधोबड तुकडे करतो. आपल्या घरी पोळपाटावर काकडी ठेवून बत्त्याने अथवा लाटण्याने हेच काम उत्तम साधते, मात्र आघात एक-दोनच करावेत. काकडी फुटावयाची आहे, तिचा लगदा व्हावयाचा नाही. या क्रियेस दोन कारणे आहेत. पहिले उघड आहे : सुरीने कापलेला पृष्ठभाग गुळगुळीत असतो, त्यावरून रस घसरून जातो, तर फुटलेल्या गराच्या खाचाखोचांत तो अडकून राहतो. दुसरे कारण इतके उघड नाही, आणि म्हणून ते थोडे विस्ताराने सांगतो.

अखंड काकडी नाकाशी धरली तर तिला जवळजवळ वास नसतो. तिचा तो ओळखीचा, थंड, हिरवा सुवास ज्या द्रव्यांमुळे येतो ती द्रव्ये अखंड फळात तयार स्वरूपात नसतातच. पेशी फुटल्या, आतील स्निग्धाम्ले आणि पाचक द्रव्ये एकत्र आली आणि त्यांस हवा मिळाली, म्हणजे काही क्षणांत ती निर्माण होतात. ज्या फळाच्या अधिक पेशी फुटतील त्यास सुवास अधिक, हे त्यावरून सहजच निष्पन्न होते. आपली आजी काकडी डाव्या हातात धरून उजव्या हातातील सुरीने तिच्यावर पटापट वार करीत असे, तेव्हा सगळ्या घरात जो वास दरवळत असे त्याचेही रहस्य हेच. आणखी एक बारकावा असा की आंबट द्रव्य मिळताच ही क्रिया मंदावते. सबब काकडी ठेचल्याबरोबर तीवर शिरका ओतणे हे सुवासाच्या दृष्टीने अकाली होय. आधी ठेचणे, मग मीठ, मग प्रतीक्षा, आणि शेवटी आंबट : चिनी रीतीतील हा क्रम कोणी रसायनशास्त्र शिकून ठरवलेला नाही, परंतु रसायनशास्त्रास त्यात फेरफार सुचवण्यास फारशी जागा नाही.

मीठ हा या पदार्थाचा वसुली कामगार होय. तो फोडींवर पसरला की पेशींच्या आतले पाणी बाहेरच्या खारटपणाकडे ओढले जाते, आणि पंधरा-वीस मिनिटांत रोळीच्या खाली ठेवलेल्या भांड्यात कित्येक चमचे पाणी जमा होते. ही वसुली मुदतीत झाली पाहिजे. पाच मिनिटांत फोडी काढल्या तर पाणी आतच राहते व नंतर, रस घातल्यावर, पानात वाढल्यावर, अवेळी बाहेर पडते. तासभर विसरल्या तर फोडी चिवट होऊन खारट लागतात. अर्धा किलो काकडीस एक सपाट लहान चमचा मीठ आणि सुमारे वीस मिनिटे, हे प्रमाण बहुतेक हवामानात चालते. मिठाबरोबर चिमूटभर साखर घातल्यास तीही पाणी काढण्यास हातभार लावते. नंतर फोडी हलक्या हाताने दाबाव्यात, पिळू नयेत. पिळणे ही क्रिया किसलेल्या काकडीसाठी योग्य, ठेचलेलीसाठी नव्हे.

येथे मराठी वाचकाच्या मनात एक तक्रार उभी राहील, आणि ती रास्त आहे. आपल्या घरी शिकवण नेमकी उलट : खमंग काकडीस मीठ पाने वाढताना घालावे, आधी घातले तर पाणी सुटते. मग खरे कोणाचे? आमच्या मते दोघांचेही, आणि त्यात विसंगती नाही. चिनी रीत पाण्याला आधीच हद्दपार करते व मग काकडीचे नाते सोया आणि शिरका यांसारख्या पातळ द्रव्यांशी जोडते. तेथे जास्तीच्या पाण्यास जागाच नसते. मराठी रीतीत पातळ द्रव्य नाही. तेथे दाण्याचे कूट आहे, ओले खोबरे आहे, आणि ही दोन्ही सुटणारे पाणी शोषून घेऊन त्याचाच दाट, गोडसर रस बनवतात. म्हणून मिठास उशिरा बोलावून पाण्यास कुटाच्या आतच सुटू दिले जाते. एकाने पाणी बाहेर काढले, दुसऱ्याने ते जागच्या जागी कामास लावले. जो मनुष्य या दोन रीतींची सरमिसळ करून चिनी कोशिंबिरीस शेवटी मीठ घालतो, अथवा खमंग काकडीचे पाणी आधी काढून वर कोरडे कूट पसरतो, त्याच्याच पदरी दोन्हींकडून निराशा येते. आम्हांस वैयक्तिकरीत्या तूप-जिऱ्याच्या फोडणीची, लिंबू पिळलेली खमंग काकडी अधिक प्रिय आहे हे कबूल करण्यात संकोच नाही. परंतु वैशाखातल्या दुपारी, फोडणीचा वासही नकोसा झाला असता, चिनी रीत श्रेष्ठ ठरते.

आता आंबटाचा मामला. या कोशिंबिरीतील आंबट लिंबाचे नसते, तांदळाच्या काळ्या शिरक्याचे असते. यांगत्से नदीच्या दक्षिण तीरावरील झेनजियांग या शहराचा शिरका या कामी सर्वांत नामांकित. तो चिकट तांदळापासून आंबवून, नंतर मुरत ठेवून करतात, आणि त्याच्या आंबटपणात किंचित गोडी व धुरकट गांभीर्य असते. उत्तरेकडील शान्शी प्रांताचा जुना शिरका ज्वारीच्या जातीच्या धान्याचा. तो उन्हाळ्यात उन्हाने आटवावयाचा आणि हिवाळ्यात वर धरलेला बर्फ काढून टाकून घट्ट करावयाचा, अशी तेथील जुनी रीत आहे. शिरका घट्ट करण्यासाठीही पाणी बाहेर काढण्याचीच युक्ती योजावी, यात एक प्रकारची संगती आहे. आपल्या किराणा दुकानात मिळणारा पांढरा कृत्रिम शिरका या दोहोंच्या जवळपासही येत नाही. त्यात आंबटपणा आहे, चव नाही. काळा शिरका न मिळाल्यास तांदळाचा साधा शिरका घ्यावा, तोही नसल्यास कृत्रिम शिरका निम्म्या प्रमाणात घेऊन त्यात किसलेला गूळ विरघळवावा. चिंचेचा कोळ घालण्याची सूचना काही हौशी मंडळी करतात. कोळ घट्ट असतो, फोडींवर थापला जातो आणि काकडीची चव झाकून टाकतो. आम्ही ती सूचना स्वीकारलेली नाही.

सोया, लसूण आणि तिळाचे तेल यांपैकी पहिल्याविषयी एवढेच सांगतो की तो फिकट, पातळ जातीचा घ्यावा, काळा दाट घेऊ नये, आणि त्यात स्वतःचे मीठ भरपूर असल्याचे विसरू नये. लसूण ठेचूनच घालावा, चिरून नव्हे. तेलाविषयी मात्र सावधगिरीची सूचना आवश्यक आहे. आपल्याकडील घाण्याचे तिळाचे तेल बहुधा न भाजलेल्या तिळाचे, फिकट व सौम्य असते. चीन, जपान आणि कोरिया येथे कोशिंबिरीत घालतात ते खरपूस भाजलेल्या तिळाचे, गडद तपकिरी, आणि त्याचा एक चमचा सबंध वाडग्यास पुरतो. ते तळणाचे तेल नव्हे, शेवटी घालावयाचे सुगंधी द्रव्य आहे. ते न मिळाल्यास घाण्याचे तेल वापरून वर भाजक्या तिळाचे भरड कूट पेरावे. त्याने काम बव्हंशी भागते, आणि मराठी जिभेस ते परकेही वाटत नाही.

तिखटाच्या बाबतीत दोन्ही देश सारखेच ऋणाईत आहेत. मिरची अमेरिका खंडातली; ती पोर्तुगीजांच्या व्यापारातून सोळाव्या शतकात गोव्याच्या किनाऱ्याने आपल्याकडे पसरली, आणि चीनमधील तिचा एक आद्य लेखी उल्लेख 1591 सालच्या गाओ लियान याच्या ग्रंथात सापडतो, तोही शोभेचे झाड म्हणून. ज्या सिच्वान प्रांताचे नाव आज तिखटाशी अभेद्य जोडले गेले आहे तेथे त्यापूर्वी जिभेला चेतवण्याचे काम ‘ह्वाज्याओ’ नावाचे एक मिरीएवढे लालसर फळ करीत असे, आणि अजूनही करते. या फळाविषयी कोकणी व गोमंतकीय वाचकांना काही सांगावयाचे म्हणजे त्यांच्याच परसातली वस्तू त्यांना दाखवण्यासारखे आहे, कारण ह्वाज्याओ आणि बांगड्याच्या कालवणात पडणारे आपले तिरफळ ही एकाच वनस्पतिप्रजातीतील दोन जवळची भावंडे होत. दोन्ही झाडे काटेरी, दोन्ही लिंबू-संत्र्याच्या कुलातली. दोहोंतही वापरावयाचे ते बाहेरचे फुटलेले टरफल, आतील काळे बी टाकून द्यावयाचे. ह्वाज्याओने ओठ व जिभेचे टोक झिणझिणून क्षणभर बधिर होते. तिरफळात हा गुण असतो, पण कमी, आणि त्याचा वास अधिक उग्र, अधिक रानवट असतो. तिरफळाची दोन-चार टरफले कोरडी भाजून, कुटून, मिरचीच्या गरम तेलात घालून आम्ही ही कोशिंबीर करून पाहिली आहे. ती सिच्वानची झाली नाही. मालवणची झाली, आणि बरी झाली. मिरचीचे तेल करताना एवढे पाहावे की तेलातून धूर निघू लागण्याच्या आत ते विस्तवावरून उतरून, किंचित निववून, मग लाल मिरचीच्या भरडीवर ओतावे. मिरची काळी पडली तर तेल कडू होते, व त्यास उपाय नाही.

चीनखेरीज इतर देशांच्या रीती पुढे आपापल्या जागी आल्या आहेत. येथे त्यांचा ओझरता परिचय पुरे. जपानी ‘सुनोमोनो’मध्ये काकडी फळीवर मिठाने घोळवून, कागदासारख्या पातळ चकत्या कापून, तांदळाचा शिरका, साखर आणि थोडा सोया यांत भिजवतात व तीत बहुधा वाकामे हे समुद्रशैवाल घालतात, तिचा स्वभाव शांत, तिखटाशी तिचा संबंध नाही. जपानी लोकांच्या काकडीविषयक भावना मोठ्या गमतीच्या आहेत. पाण्यात राहणारा ‘काप्पा’ नावाचा लोककथेतील खट्याळ प्राणी काकडीवर फार लुब्ध असतो, म्हणून काकडी गुंडाळलेल्या सुशीस त्याचेच नाव आहे. आणि हाकाता येथील गिओन उत्सवाच्या काळात उत्सवात भाग घेणारी मंडळी काकडी वर्ज्य करतात, कारण तिची आडवी चकती त्या देवतेच्या चिन्हासारखी दिसते. कोरियात काकडी लाल मिरचीच्या भरडीत, लसूण आणि तिळाच्या तेलासह हाताने कालवतात, आणि ती सर्वांत झणझणीत. थायलंडच्या ‘आजाड’मध्ये शिरका, साखर व मीठ यांचा पाक उकळून पूर्ण निववतात, आणि मग काकडी, लहान लाल कांदे व मिरची यांवर ओततात, भाजलेल्या मांसाच्या सळयांबरोबर ती येते, आणि आपल्या ‘अचारा’चे दूरचे नाते तिच्या नावात ऐकू येते. पाक गरम असता ओतला तर काकडी शिजते, एवढे लक्षात ठेवले म्हणजे झाले.

काकडीच्या निवडीविषयी मात्र घाई चालणार नाही. या पदार्थास सडपातळ, कोवळी, बी न धरलेली, पातळ सालीची काकडी लागते. आपल्या बाजारातील जाड सालीची, पोटात बियांची गर्दी असलेली फिकट काकडी ठेचली असता गरापेक्षा बियाच पुढे येतात. तशीच वापरावयाची झाल्यास उभी चिरून मधला बियांचा भाग चमच्याने काढून टाकावा, साल अर्धी सोलावी, आणि मग ठेचावी. पावसाळ्यातले जून तवसे या कामाचे नाही. त्याने धोंडस किंवा तवसळी करावी, आणि त्या बाबतीत चीनने आपल्याकडून शिकावे. कडूपणाची परीक्षा प्रत्येक काकडीगणिक करणे अवश्य आहे. तो कुकुर्बिटासिन या द्रव्यामुळे येतो, देठाकडे अधिक असतो, आणि उन्हाचा ताण व पाण्याची ओढ सोसलेल्या वेलीच्या फळांत वाढतो. रानटी काकडीचा तो जन्मजात गुण माणसाच्या हाती आल्यावर कसा मावळला, याचा जनुकीय वृत्तान्त चिनी संशोधकांनी 2014 साली ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध केला आहे. देठाचा तुकडा कापून त्याच कापलेल्या अंगावर गोल गोल घासून फेस काढण्याची आपली घरगुती रीत सर्वांस परिचित आहे. तिने कडूपणा निघतो तो फेसावाटे निघतो की केवळ देठाकडचा भाग टाकला गेल्याने, हा वाद आम्ही दुसऱ्या कारणाच्या बाजूने सोडवला आहे. तरीही फेस काढतोच, कारण हातास ती सवय आहे. काकडी अतिशय कडू लागली तर दुधीप्रमाणे तीही निःसंकोच टाकून द्यावी. मीठ, साखर, शिरका यांनी कडूपणा झाकण्याचा प्रयत्न करू नये; तेथे तडजोडीला वाव नाही.

एक गोष्ट स्वच्छतेची. चिनी पाकपद्धतीत कच्ची भाजी खाण्याचा प्रघात एकंदरीत अल्प आहे, आणि त्याचे कारण शोधावयास फार दूर जावे लागत नाही : तेथील शेतीस शतकानुशतके सोनखत मिळत आले. अमेरिकन कृषिशास्त्रज्ञ एफ. एच. किंग याने 1911 साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात त्या व्यवस्थेचे तपशीलवार आणि कौतुकाने वर्णन केले आहे, आणि तेथील लोक पाणी उकळून पितात याचीही नोंद केली आहे. जेथे भाजी सहसा विस्तवावरून उतरल्याखेरीज पानात येत नाही तेथे काकडीस कच्चे राहण्याची मुभा मिळाली, याचे श्रेय बहुधा तिच्या सोलता येणाऱ्या सालीस आणि मांडवावर, जमिनीपासून उंच, लोंबण्याच्या सवयीस द्यावे लागेल. लसूण आणि शिरका घातला म्हणजे न धुतलेली काकडी शुद्ध होते, हा समज खोटा आहे. वाहत्या पाण्यात सालीसकट चोळून धुवावी, आणि पावसाळ्यात, पाण्याची खात्री नसता, सोलूनच घ्यावी.

प्रमाण असे : चार माणसांस अर्धा किलो काकडी, वर सांगितल्याप्रमाणे मीठ, लसणाच्या तीन पाकळ्या, सोया आणि काळा शिरका प्रत्येकी एक मोठा चमचा, साखर एक लहान चमचा, भाजक्या तिळाचे तेल एक लहान चमचा, मिरचीचे तेल ज्याच्या त्याच्या धैर्याप्रमाणे. काकडी ठेचण्याआधी तासभर शीतकपाटात ठेवल्यास अधिक कुरकुरीत फुटते. रस वेगळ्या वाटीत आधीच कालवून साखर पूर्ण विरघळू द्यावी, म्हणजे ती फोडींवर कचकचत नाही. वर भाजलेले शेंगदाणे भरड कुटून घालण्याची रीत चीनमध्येही आहे, तेव्हा मराठी गृहिणीने आपला कुटाचा डबा या प्रसंगी बंद ठेवण्याचे कारण नाही. मात्र कूट मूठभर नको, चिमूटभर, नाहीतर ते रस पिऊन टाकते आणि कोशिंबीर पुन्हा आपल्या गावी परतते.

ही कोशिंबीर कशाबरोबर खावी? मुगाच्या मऊ खिचडीबरोबर ती फार चांगली लागते. तळलेल्या माशाबरोबर तर विशेषच. दही, ताक आणि कढी यांच्याशी तिचे जमत नाही, सोया आणि दही ही दोन आंबवलेली द्रव्ये एकाच पानात आली की दोन्ही आपापला हेका चालवतात. ती डब्यातून कचेरीत नेण्याचा पदार्थ नव्हे. कालवल्यापासून अर्ध्या घटकेत संपवावी, कारण उरलेसुरले पाणी त्यानंतर पुन्हा सुटू लागते. तळाशी राहिलेला रस मात्र टाकू नये : तो गार झालेल्या उकडलेल्या शेवयांवर ओतावा, अथवा दुसऱ्या दिवशीच्या फोडणीच्या भातावर शिंपडावा. वेळेचा मेळ बसवावयाचा तर तांदूळ धुऊन चुलीवर चढवले की लगेच काकडी ठेचून मीठ लावावे. भात उतरून त्याची वाफ बसेपर्यंत रोळीखालचे पाणी निथळून झालेले असते, आणि पाने वाढणारा आमटीच्या भांड्याकडे वळला की इकडे रस ओतून घ्यावा.